'पायरो'ला मराठीत एकच शब्द ठरवता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा: रसायनशास्त्रात एमएस्सी झाल्यावर तुम्ही तांत्रिक भाषांतराची कामं घ्यायला लागलात. पुण्यातल्या एका एजन्सीने औषधनिर्मिती, वाहनउद्योग, शेती अशा सगळ्या ग्राहकांसाठी मिळून एकच इंग्रजी-मराठी शब्दसूची करायला सांगितली आहे. तीत 'पायरो'ने सुरू होणारे शब्द ढिगाने आहेत. मूळ ग्रीक 'प्यूर' म्हणजे अग्नी, तेव्हा सगळीकडे 'अग्नि' लावून मोकळं व्हा, सूची एकसारखी दिसेल, असं तिथल्या वरिष्ठांचं म्हणणं. तुम्हाला ते पटत नाही, पण नकार कशाच्या आधारावर द्यायचा ते कळत नाही.

तुमची शंका रास्त आहे. मी पुण्यात बरीच वर्षं हेच काम करते. औषध कंपन्यांच्या कार्यपद्धती, भट्ट्यांची आणि यंत्रांची मॅन्युअलं, अधूनमधून शेतकऱ्यांसाठीच्या पुस्तिका, असं माझ्या कामाचं स्वरूप. त्यात 'पायरो'इतकं फसवं पूर्वपद क्वचितच दुसरं भेटतं.

'एका संज्ञेला एकच प्रतिशब्द' हा नियम चांगला आहे आणि तो मीही कसोशीने पाळते. पण तो पूर्ण संज्ञेला लागू होतो, संज्ञेच्या तुकड्याला लागू होत नाही. 'पायरोमीटर'साठी शंभर पानांत एकच शब्द हवा, यात वादच नाही. मात्र पायरोमीटरमधला 'पायरो' आणि पायरोजेनमधला 'पायरो' एकच काम करतात असं धरून चाललं की गडबड सुरू होते. एकात तो प्रखर उष्णता सांगतो, दुसऱ्यात आजारपणातला ताप. तिसऱ्या ठिकाणी तो नुसता इतिहास असतो, म्हणजे पूर्वी कोणीतरी काहीतरी तापवलं होतं एवढीच त्याची खूण. काही शब्दांत तर तो आगीशी नातं नसल्याचं सांगायला आला आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच सांगते. मजकूर कोण वाचणार, यावर बरंच ठरतं. यंत्रावर उभा असलेला ऑपरेटर, बारावीचा विद्यार्थी, डॉक्टर आणि शेतकरी यांना एकाच संज्ञेसाठी वेगवेगळा शब्द द्यावा लागू शकतो. ग्राहकाची स्वतःची ठरलेली परिभाषा असेल तर तिला मान द्यावा लागतो. आणि कारखान्यात जो शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे तो बदलायचा आपल्याला सहसा अधिकार नसतो. हे सगळं धरून मी निर्णय कसा घेते ते आता सांगते.

सुरुवात औषधांपासून करू, कारण इथे चूक महागात पडते.

ग्रीकांनी अग्नीवरूनच तापाला 'प्यूरेतोस' म्हटलं. आपल्या 'ताप' शब्दातही उष्णता आणि आजार दोन्ही आहेत, त्यामुळे हा अर्थविस्तार मराठी माणसाला परका वाटू नये. 'पायरेक्सिया' म्हणजे ताप. 'अँटिपायरेटिक' म्हणजे पॅरासिटामॉलसारखं ताप उतरवणारं औषध. 'पायरोसिस' मात्र छातीतली जळजळ. हे शब्द डॉक्टरांच्या कागदपत्रांत येतात आणि त्यांचे मराठी शब्द सरळ आहेत.

खरी कसोटी 'पायरोजेन'ची. इंजेक्शनच्या औषधात किंवा सलाइनमध्ये राहिला तर रुग्णाला थंडी वाजून ताप आणणारा पदार्थ म्हणजे पायरोजेन. त्यातला सर्वांत महत्त्वाचा म्हणजे एंडोटॉक्सिन. ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाह्य आवरणात तो असतो आणि जिवाणू मेल्यावरही मागे उरतो. शिरेतून इंजेक्शन दिल्यावर रुग्णांना ताप का येतो, हे कोडं बरेच दिवस सुटत नव्हतं. त्याचं मूळ ऊर्ध्वपातित पाण्यातल्या जिवाणूजन्य दूषणात आहे, हे १९२० च्या दशकात अमेरिकेत फ्लॉरेन्स सायबर्ट यांनी दाखवलं. पुढे सशांना औषध टोचून त्यांचं तापमान वाढतं का हे पाहण्याची चाचणी रूढ झाली. नंतर हॉर्सशू क्रॅब या समुद्री जीवाच्या रक्तपेशींपासून केलेल्या अभिकर्मकाची चाचणी आली.

आता एक वाक्य जवळून पाहू. व्हायल, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाची छोटी बाटली, भरण्याच्या विभागात धुतलेल्या काचेच्या व्हायली एका लांबट बोगद्यासारख्या ओव्हनमधून जातात. तिथले सगळे त्याला 'डीपायरोजनेशन टनेल' किंवा नुसतं 'टनेल' म्हणतात. कार्यपद्धतीत त्याचं वर्णन असतं. 'पायरो' म्हणजे अग्नी या हिशोबाने भाषांतर केलं तर वाक्य होतं: 'टनेलमध्ये व्हायली अग्निमुक्त केल्या जातात.' व्याकरण ठीक आहे. पण आत तीनशे अंशांच्या आसपास तापलेली हवा खेळते आहे आणि ऑपरेटर वाचतो आहे 'अग्निमुक्त'. त्याला वाटेल, आग लागू नये म्हणून केलेली ही काही व्यवस्था असावी. प्रत्यक्षात ती उष्णता कमी करायचीच नाही. व्हायलींवरचा एंडोटॉक्सिन इथे कोरड्या उष्णतेनेच नष्ट केला जातो, आणि त्यासाठी २५० अंश सेल्सिअस तापमानाला ३० मिनिटं हे प्रमाण मानलं जातं. ऑटोक्लेव्हमधल्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातल्या, १२१ अंशांच्या वाफेने जिवाणू मरतात, एंडोटॉक्सिन बऱ्याच अंशी टिकून राहतो. म्हणजे 'निर्जंतुक' आणि 'पायरोजेनमुक्त' या दोन वेगळ्या अवस्था आहेत, आणि ऑपरेटरला नेमकं हेच कळायला हवं. मी लिहिते: 'टनेलमधल्या कोरड्या उष्णतेने व्हायलींवरचे ज्वरजनक घटक, म्हणजेच पायरोजेन, नष्ट होतात. तापमान ठरलेल्या मर्यादेखाली गेल्यास बॅच पुढे पाठवू नये.' पुढे त्या मजकुरात सगळीकडे 'पायरोजेन' एवढाच शब्द ठेवते, कारण नोंदवहीत, टनेलच्या स्क्रीनवर आणि ऑडिटमध्ये तोच दिसणार.

इथे 'तापजनक' का नाही, असं तुम्ही विचाराल. आपल्या 'ताप'ला दोन्ही अर्थ आहेत हेच त्याचं कारण. गरम यंत्राशेजारी लावलेल्या फलकावर 'तापजनक' वाचून कोणीही 'उष्णता देणारा' असा अर्थ घेईल. 'ज्वर' शब्दाला तो धोका नाही.

याच विभागात आणखी एक सापळा आहे आणि तो तुमच्या सूचीत असणार याची मला जवळजवळ खात्री आहे. 'पायरोजेनिक' आणि 'पायोजेनिक'. इंग्रजीत एका अक्षराचा फरक, देवनागरीतही तेवढाच. पायोजेनिक म्हणजे पू निर्माण करणारा. तिथलं ग्रीक मूळ 'प्यूओन', म्हणजे पू, आणि आपला 'पू' त्याच जुन्या घराण्यातला आहे. दातांच्या डॉक्टरांकडे ऐकू येणारा 'पायरिया' हाही त्याच पूवरून आला. त्यात 'पायर' ऐकू येतं, पण अग्नीचा संबंध नाही. संगणकावर शोधा-आणि-बदला करून 'पायरो' हाताळणाऱ्याला ही जोडी हमखास चकवते.

आता तुमच्या विषयाकडे, रसायनशास्त्राकडे. इथलं 'पायरो' समजायला अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली प्रयोगशाळा डोळ्यांसमोर आणावी लागते. रेणूची रचना कळायला अजून वेळ होता. हातात एखादं आम्ल आलं की ते रिटॉर्टमध्ये, म्हणजे लांब वाकड्या मानेच्या काचपात्रात, घालून तापवायचं आणि पलीकडे जे जमेल त्याला 'पायरो-अमुक' म्हणायचं. नाव कृतीवरून पडलं. गॅलिक आम्ल तापवलं, कार्बन डायऑक्साइड गेला, उरलं पायरोगॅलॉल. टार्टारिक आम्ल तापवून बर्झेलियस या स्वीडिश रसायनज्ञाने १८३५ मध्ये पायरुव्हिक आम्ल मिळवलं. त्यातलं 'उव्ह' लॅटिनमधल्या द्राक्षावरून आलं, कारण तापवायचं ते टार्टारिक आम्ल द्राक्षांतून मिळायचं. आपल्या चिंचेतही टार्टारिक आम्ल भरपूर असतं. डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट तापवलं, दोन रेणूंमधून पाण्याचा एक रेणू निघून गेला आणि ते जोडले गेले, झालं पायरोफॉस्फेट. पायरोसल्फ्युरिक आम्लातही दोन सल्फ्युरिक आम्लांमधून पाणी वजा होतं.

पाहा, एकाच शास्त्रात, एकाच प्रकारच्या नावांतसुद्धा 'पायरो'ने सांगितलेली गोष्ट एकसारखी नाही. कुठे कार्बन डायऑक्साइड गेला, कुठे पाणी, कुठे दोन्ही. म्हणून आधुनिक नामकरणात 'पायरोफॉस्फेट'ऐवजी 'डायफॉस्फेट' म्हणणं पसंत केलं जातं, त्यातून निदान रचना तरी कळते. शिवाय आज हे पदार्थ ओळखले जातात ते दुसऱ्याच कामांसाठी. आपण खाल्लेल्या साखरेचं विघटन होताना प्रत्येक पेशीत पायरुव्हेट तयार होतं, शरीराच्या साध्या तापमानाला. डीएनएची साखळी लांबते तेव्हा प्रत्येक टप्प्यावर पायरोफॉस्फेट सुटतो. बिस्किटांच्या पुड्यावर घटकांच्या यादीत 'आयएनएस ४५०' दिसतं, ती फुगवणाऱ्या पदार्थात वापरली जाणारी हीच फॉस्फेटं. पेशीच्या चित्राखाली किंवा बिस्किटाच्या वेष्टनावर 'अग्नि-फॉस्फेट' लिहिलं तर वाचणाऱ्याला चुकीची भीती वाटेल. इथे लिप्यंतर करावं, आणि पाठ्यपुस्तक असेल तर नाव कसं पडलं ते एका वाक्यात सांगावं.

पायरोगॅलॉलबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण त्याचं दुसरं टोक आपल्या पुणे जिल्ह्यात आहे. टॅनिन म्हणजे कातडी कमावायला वापरलं जाणारं तुरट वनस्पतिद्रव्य. ज्या टॅनिनांच्या गटाला 'पायरोगॅलॉल गट' म्हणतात, त्यांचा एक मोठा स्रोत हिरडा. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी भागात आदिवासी कुटुंबं बाळहिरडा गोळा करून विकतात. कातडी कमावण्याच्या पुस्तिकेत किंवा वनोपजाच्या अहवालात 'पायरोगॅलॉल टॅनिन' आलं तर त्याचा आगीशी संबंध लावणं म्हणजे वाचकाला भलत्याच वाटेला लावणं. याच पायरोगॅलॉलने एकोणिसाव्या शतकात फोटोग्राफीतही जागा मिळवली. काचेवरचं निगेटिव्ह त्याने डेव्हलप करत. फिल्म स्वतः धुणारे हौशी लोक आजही त्याला नुसतं 'पायरो' म्हणतात. तेव्हा एखाद्या मजकुरात 'पायरो' सुटं आलं तर विषय पाहिल्याशिवाय हात लावू नका. अंधाऱ्या खोलीत त्याचा अर्थ डेव्हलपर, वर्कशॉपमध्ये स्फोटक भार.

'पिरिडिन'ची गोष्ट याहून लांबची. हाडं कोरडी तापवून निघणाऱ्या दुर्गंधीयुक्त तेलातून थॉमस अँडरसन या स्कॉटिश रसायनज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते वेगळं काढलं आणि ग्रीक अग्नीवरून त्याला नाव दिलं. त्यावरून पुढे नावांची माळ लागली. पिरिमिडिन डीएनएत आहे, पिरिडॉक्सिन म्हणजे बी-६ जीवनसत्त्व, पायराझिनामाइड क्षयाच्या उपचारात. कुलकर्णी आडनावाचा माणूस आज गावाचं दप्तर लिहीत नाही, तसं या नावांतलं 'पायर' आता काही करत नाही. ते केवळ घराणं सांगतं. अशा शब्दांचं भाषांतर कधीही करू नये. फक्त लेखन एकसारखं ठेवावं. 'पिरिडिन' लिहायचं की 'पायरिडिन', हे एकदा ठरवा आणि सूचीत वर टीप टाका. तुमच्या वरिष्ठांना हवी असलेली एकसारखी शिस्त खरं तर इथे उपयोगी आहे.

'पायरॉल' मात्र वेगळ्या वाटेने आला. ग्रीकमध्ये अग्नीवरूनच 'पिऱ्होस' हा ज्वाळेसारख्या लालसर रंगाचा शब्द झाला. हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवलेली लाकडाची काडी या पदार्थाच्या वाफेत धरली की लाल होते, म्हणून रुंगे या जर्मन रसायनज्ञाने १८३४ मध्ये हे नाव दिलं. म्हणजे इथे अग्नीही नाही, उष्णताही नाही, फक्त रंग. एपिरसचा राजा पिऱ्हस याचं नावही त्याच रंगाचं. त्याच्यावरून आलेल्या 'पिरिक विजया'साठी बरेच जण 'गड आला पण सिंह गेला' लिहितात. मला ते पटत नाही. कोंढाण्याचा विजय मोठ्या मोलाचा पण टिकाऊ होता. पिऱ्हसचे विजय असे होते की आणखी एक मिळाला असता तर त्याचं सैन्यच संपलं असतं. 'जिंकूनही हरल्यासारखा विजय' असं साधं लिहिलेलं बरं.

आता शेतीच्या पुस्तिकांमध्ये येणारा 'पायरॉलिसिस'. इथे तर 'अग्नि' अर्थाच्या उलट जातो. पायरॉलिसिस म्हणजे हवा न लागू देता, निदान अगदी कमी हवेत, उष्णतेने पदार्थाचं विघटन करणं. पदार्थाला ज्वाळा लागली की मग ते ज्वलन झालं, पायरॉलिसिस राहिलं नाही. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत विकसित केली आणि त्या कामाला २००२ मध्ये ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. पद्धतीचं मर्म असं की पाचट बंद पिंपात भरायचं आणि पिंप बाहेरून तापवायचं. आतून निघणारा ज्वलनशील वायू जळणाला उपयोगी येतो आणि पिंपात कोळसा उरतो. त्याच्या वड्या पाडून चुलीत वापरता येतात.

आपल्याकडे 'पाचट जाळणं' याचा ठरलेला अर्थ आहे: तोडणीनंतर फडाला काडी लावणं. ते करू नका असं सांगणाऱ्या पुस्तिकेत पायरॉलिसिसला 'अग्निविघटन' लिहिलं, तर शेतकरी म्हणणार, मग आम्ही वेगळं काय करत होतो? मी अशा पुस्तिकेत संज्ञाच टाळते आणि 'पाचट हवाबंद पिंपात तापवून कोळसा करणं' असं लिहिते. अभियंत्यांसाठी असेल तर 'औष्णिक विघटन', आणि पहिल्या ठिकाणी शेजारी 'पायरॉलिसिस'. वाचक बदलला की शब्द बदलतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही.

मोजमापाच्या उपकरणांत 'पायरो' बऱ्यापैकी सरळ वागतो, तरी तिथेही एकजिनसी नाही. पायरोमीटर हा शब्द अठराव्या शतकात डच शास्त्रज्ञ म्यूसेनब्रूकने वापरला तेव्हा ते उपकरण तापलेल्या धातूच्या दांडीची लांबी किती वाढते ते पाहायचं. १७८२ मध्ये वेजवुड या इंग्लिश कुंभार-उद्योजकाने केलेलं पायरोमीटर भट्टीत मातीच्या गोळ्या किती आकसतात यावर चालायचं. आज भोसरी-चाकणच्या हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये पायरोमीटर म्हटलं की बहुधा इन्फ्रारेड गन समोर येते, म्हणजे न टेकवता दुरून तापमान सांगणारी. पण जुन्या मॅन्युअलात थर्मोकपलच्या, म्हणजे दोन धातूंच्या तारांचा जोड टेकवून तापमान मोजणाऱ्या, उपकरणालाही पायरोमीटर म्हटलेलं सापडेल. 'उच्च तापमापक' हा शब्द दोन्हींना चालतो. उपकरण टेकवायचं की दुरून धरायचं हे मात्र मॅन्युअल वाचून वाक्यात वेगळं सांगावं लागतं, कारण वापरणाऱ्याच्या हाताला तेच माहीत असायला हवं.

सौरऊर्जेच्या कागदपत्रांत पायरानोमीटर, पायरहेलिओमीटर आणि पायर्जिओमीटर अशी तीन भावंडं येतात. पहिलं सगळ्या आकाशातून येणारं सूर्यप्रारण मोजतं, दुसरं थेट सूर्यबिंबाकडून येणारं, तिसरं वातावरणाकडून येणारं दीर्घलहरी प्रारण. इथे 'पायर' म्हणजे प्रारणाची ऊब एवढंच. शिवाजीनगरचं सिमला ऑफिस ज्यांनी आतून पाहिलंय त्यांना हे शब्द ओळखीचे असतील. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं म्हणून त्या इमारतीला हे नाव पडलं. या तिघांना 'अग्निमापक' म्हटलं तर तिघांतला फरकच पुसला जातो. भाषांतरात फरक टिकवणं पहिलं, बाकी सगळं नंतर.

वाहनउद्योगातला 'पायरो' खरोखर आगीचा आहे, पण तिथे भीती वेगळी. सीटबेल्ट क्षणात आवळणारं प्रिटेन्शनर, एअरबॅगचा इन्फ्लेटर, विजेच्या गाडीत अपघात होताच बॅटरीचा प्रवाह तोडणारा पायरोफ्यूज, या सगळ्यांत छोटा स्फोटक भार असतो. 'पायरोटेक्निक' पाहून कोशातला 'शोभेची दारू' किंवा 'आतषबाजी' उचलला तर मेकॅनिक ती सूचना गंभीरपणे घेणार नाही. पाषाण-सुतारवाडीच्या एचईएमआरएलसारख्या संरक्षण प्रयोगशाळेच्या कामातही पायरोटेक्निक म्हणजे प्रकाश, धूर किंवा ठरावीक विलंब देणारी मिश्रणं. मी 'स्फोटक भारावर चालणारा' असं लिहिते आणि खाली सूचना ठळक ठेवते: 'साध्या मल्टिमीटरने या कनेक्टरचा रोध मोजू नये, भार पेटू शकतो.' 'पायरोफोरिक' मात्र वेगळा. हवा लागताच आपोआप पेट घेणारा पदार्थ, जसा पांढरा फॉस्फरस. 'स्वयंज्वलनशील' त्याला बरोबर बसतो.

भूशास्त्रात तुमच्या वरिष्ठांच्या नियमाची सर्वांत मोठी अडचण होते. 'अग्नी'चा जवळचा युरोपीय नातेवाईक लॅटिन 'इग्निस'. 'प्यूर'चं मूळ वेगळं, इंग्रजीतला 'फायर' त्याच्या घराण्यातला. आपण 'इग्नियस'ला 'अग्निजन्य' म्हणतो ते अर्थाने आणि नात्याने, दोन्ही अंगांनी नेमकं आहे. 'अग्नि' तिथे आधीच कामाला लागला आहे. 'पायरोक्लास्टिक'लाही तोच दिला तर लाव्हा थिजून झालेला खडक आणि ज्वालामुखीच्या उद्रेकात उडालेल्या राख-तुकड्यांचा खडक यांची सरमिसळ होते. 'ज्वालामुखीजन्य तुकड्यांचा' असं लांबट लिहिलेलं परवडतं.

आणि 'पायरॉक्झीन' पाहा. फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ आउई याने १७९६ मध्ये हे नाव दिलं, अर्थ 'अग्नीला परका'. लाव्ह्यात त्याला हे स्फटिक दिसले आणि ते चुकून बाहेरून आत अडकले असावेत असं त्याला वाटलं. पुढे कळलं की हे खनिज शिलारसातूनच तयार होतं, तेही बरंच लवकर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्ह्यात, म्हणजे आपल्या काळ्या कातळात, फेल्डस्पारच्या जोडीला मुख्य खनिज हेच, ऑजाइट नावाचं पायरॉक्झीन. पाताळेश्वराचं लेणं ज्या दगडात कोरलंय त्यात ते ठासून भरलंय. नावाचा शब्दशः अर्थ लावला तर सिंहगडापासून शनिवारवाड्याच्या जोत्यापर्यंतचा दगड अग्नीशी संबंध नसलेला ठरेल. नाव चुकीच्या समजुतीवर उभं असेल तेव्हा ते आहे तसं ठेवणं हाच प्रामाणिक मार्ग.

उरलेल्यांवर भरभर नजर टाकते. पायराइट म्हणजे आघात केल्यावर ठिणगी देणारा दगड, लोह आणि गंधकाचं संयुग. आयुर्वेदातलं सुवर्णमाक्षिक बहुधा तांबं असलेलं चाल्कोपायराइट मानलं जातं, म्हणून पायराइटसाठी 'माक्षिक' लिहिताना संदर्भ तपासा. पायरोल्युसाइट या मँगनीजच्या खनिजातलं 'ल्यू' धुण्याचं, कारण काचेतला हिरवट रंग घालवायला ते वितळत्या काचेत टाकत. डास मारणाऱ्या कॉइलवरच्या 'पायरेथ्रॉइड'चा उगम तिच्या विस्तवात नाही. ग्रीक 'प्यूरेथ्रोन' म्हणजे जिभेला चटका देणाऱ्या मुळीची वनस्पती. अक्कलकाऱ्याच्या शास्त्रीय नावात 'पायरेथ्रम' आहे ते त्यामुळेच. तेच नाव पुढे शेवंतीच्या कुळातल्या एका कीटकनाशक फुलाकडे गेलं. पिरॅमिडचा अग्नीशी संबंध सिद्ध नाही. नासपतीच्या 'पायरस' या प्रजातीचाही नाही, तो लॅटिनमधला फळाचा शब्द. आणि पायरेक्स हे १९१५ मधलं कंपनीचं व्यापारी नाव, त्याला हात लावायचाच नाही.

वरिष्ठांशी बोलताना मराठीचाच दाखला द्या. आगगाडीत आता आग नाही, अग्निमांद्य झालेल्याची भूक मंदावलेली असते, अग्निबाण म्हणजे रॉकेट. या शब्दांचं इंग्रजी करताना कोणी प्रत्येक वेळी 'फायर' लिहा म्हणणार नाही. तोच न्याय उलट दिशेने लावायचा आहे.

सूचीत 'पायरो' हे सुटं पूर्वपद काढून टाका, म्हणजे सॉफ्टवेअर ते आपोआप सुचवणार नाही. प्रत्येक पूर्ण संज्ञेपुढे तीन रकाने ठेवा: क्षेत्र, वाचक, आणि 'इथे नेमकं काय घडतं' याचं एक मराठी वाक्य. ते वाक्य लिहिता आलं की प्रतिशब्द निम्मा सापडलेला असतो. नाही आलं तर लिप्यंतर ठेवा आणि ग्राहकाच्या माणसाला विचारा. मराठी मजकुरात शेवटची तपासणी करताना 'पायर' एवढंच शोधलं तर 'पायरी'सुद्धा वर येते. बदल एकेक पाहून करा, सरसकट नको. आणि पायरोजेनिक-पायोजेनिक ही जोडी आजच दुरुस्त करून औषध कंपनीच्या ग्राहकाला कळवा. बाकीची सूची पुढच्या आठवड्यात झाली तरी चालेल.